पलटण त्या वर्षी कुठे होती?

प्रति,
इतिहास विभाग,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पलटणीचा क्रमांक मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका पलटणीचा नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, बेळगाव या पट्ट्यातल्या हजारो घरांना तो पडतो. आमचा माणूस अमुक वर्षी नेमका कुठे होता आणि तिथे त्याची पलटण काय करत होती? त्या वर्षी युद्ध झाले असेल तर उत्तर पुस्तकात सापडते. नसेल तर सापडत नाही. पायदळातल्या जवानाची बहुतेक नोकरी युद्ध नसलेल्या वर्षांत जाते, म्हणून ती शांततेत जाते असे मात्र कुणी समजू नये.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना घोटाळा नको. प्रत्येक पायदळ पलटण कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कुठे होती आणि कोणत्या कामावर होती, याचा २५ वर्षांपेक्षा जुना तक्ता लोकांना पाहता यावा. आणि त्या वर्षांत तिथे असलेल्या जवानांच्या, हवालदारांच्या, सुभेदारांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत, ते हयात असताना, तुमच्या देखरेखीखाली उतरवून घेतल्या जाव्यात.

घरात कागद नाहीत असे नाही. डिस्चार्ज बुक आहे. त्यात भरतीची तारीख आहे, बढत्यांच्या तारखा आहेत, वर्तणुकीचा चांगला शेरा आहे. पदकांवरून थोडा अंदाज येतो: सैन्य सेवा मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल, ऑपरेशन पराक्रम मेडल. आईने जपून ठेवलेल्या आंतर्देशीय पत्रांवर पत्ता एकच, 'द्वारा ५६ एपीओ', म्हणजे लष्कराचे टपाल कार्यालय. मधली काही वर्षे 'द्वारा ९९ एपीओ'. ५६ ची टपाल दिल्लीहून पुढे जायची आणि ९९ ची कोलकात्याहून पूर्वेकडे, एवढे आम्हाला माहीत होते. पत्र काश्मीरला निघाले की लडाखला, हे ते पेटीत टाकणारीला कळू नये अशीच ती व्यवस्था होती आणि त्या काळी ती योग्यच होती. माळ्यावर काळी लोखंडी ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. बढती झाली की जुन्या रँकवर काळ्या रंगाचा हात मारून वर नवी अक्षरे काढलेली. ट्रंक उजेडात तिरकी धरली की 'सुभेदार'च्या खाली 'हवालदार' आणि त्याच्याही खाली 'नायक' फुगून आलेले दिसते. त्या पेटीवरून रँकचा सगळा प्रवास वाचता येतो. ज्या ज्या ठिकाणी ती गेली, त्यातल्या एकाचेही नाव तिच्यावर नाही.

मग उरते ती आईची स्मरणशक्ती. 'तू झालीस तेव्हा ते नागालँडला होते, तार आठवड्याने मिळाली.' 'झाशीला क्वार्टर मिळालं, त्या वर्षी तू पहिलीत.' 'तुझ्या आजीच्या बाराव्याला ते ग्लेशियरवर होते, खाली उतरल्यावर कळलं त्यांना.' पलटणीच्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास आमच्या घरात बाळंतपणे, शाळा आणि तेराव्यांवर टांगलेला आहे. आई गेली की तोही जाईल.

पलटण हलते म्हणजे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. ढोबळमानाने दोन-तीन वर्षे फील्ड, म्हणजे सीमेवर किंवा अशांत भागात, मग दोन-तीन वर्षे पीस, म्हणजे छावणीत, मग पुन्हा फील्ड. आठशेच्या आसपास माणसे, त्यांची हत्यारे, गाड्या, लंगर, मेसचे सामान, पलटणीच्या मंदिरातले देव, सगळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. आधी अ‍ॅडव्हान्स पार्टी पुढे जाऊन चार्ज घेते. मेन बॉडी मिलिटरी स्पेशल गाडीने निघते, कधी कधी दिवसच्या दिवस साइडिंगला पडून राहत. मागे रीअर पार्टी बराकी धुऊन-पुसून पुढच्या पलटणीच्या हवाली करते आणि फुटलेल्या काचेचासुद्धा हिशेब देते. काश्मीरला जायचे असेल तर आधी कोअर बॅटल स्कूलमध्ये प्रशिक्षण, ईशान्येला जायचे असेल तर त्या मुलुखाची तयारी वेगळी. मराठा पलटण जिथे पोहोचेल तिथे भाद्रपदात गणपती बसतो, मग ते वाळवंट असो की बर्फ.

या चार्ज देण्या-घेण्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो आणि तोच कुठे लिहिलेला सापडत नाही. जाणारी पलटण येणाऱ्या पलटणीला नुसते बंकर आणि नकाशे देत नाही. काही दिवस दोन्हींची माणसे मिळून गस्त घालतात. जुना हवालदार नव्याला दाखवत जातो: या नाल्याला दुपारनंतर पाणी चढते, सकाळीच ओलांडायचा. या वळणावर धुके बसते. त्या वस्तीतली कुत्री रात्री भुंकली नाहीत तर थांबायचे, काहीतरी बिनसले आहे. त्या पलीकडच्या घरातली म्हातारी पाणी देते, तिच्याशी नीट बोलायचे. हे ज्ञान तोंडी चालते, एका पलटणीकडून दुसरीकडे आणि पुढे तिसरीकडे. वडील चार शब्दांत सांगून टाकतात, 'जागा हातात दिली आणि निघालो.' पण त्या जागेने या माणसांना काय शिकवले, त्यांनी तिथे काय उभे केले, कुणाला गमावले, याची गोष्ट हाती देणारे कुणी नाही.

वडिलांना विचारले, 'काश्मीरला काय करायचात?' तर म्हणतात, 'आरओपी.' रोड ओपनिंग पार्टी. उजाडायच्या आत निघायचे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत जायचे, प्रत्येक मोरीत वाकून बघायचे, काल नव्हता असा दगडांचा ढीग दिसला की थांबायचे, उकरलेली माती, नवी वायर, उलटा पडलेला डबा, सगळे तपासायचे. मग वाहनांचा ताफा जाईपर्यंत ठरलेल्या जागी उभे राहायचे. ताफा गेला, काही झाले नाही, दिवस यशस्वी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे महिनोन्‌महिने.

या पत्रातले माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. पायदळाचे काम नीट झाले की काहीच घडत नाही. सुरुंग फुटत नाही, घुसखोर येत नाही, चौकी हातची जात नाही. आणि काही घडले नाही म्हणून इतिहासात ओळ पडत नाही. ज्या दिवशी चूक होते किंवा नशीब फिरते, त्या दिवसाची नोंद होते. बाकी सगळे दिवस, जे त्या माणसांनी जागून, चालून, थंडीत उभे राहून 'काही न घडलेले' ठेवले, ते गाळले जातात.

पराक्रमाच्या दिवसांबद्दल तक्रार नाही. नायक यशवंत घाडगे यांना ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती १० जुलै १९४४ ची, इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यातली. नामदेव जाधवांची ९ एप्रिल १९४५ ची, सेनियो नदीकाठची. डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरहून निसटू पाहणारी ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण पहिल्या मराठा पलटणीच्या नाकेबंदीवर येऊन आदळली, ती रात्रही पुस्तकांत आहे. पुढे टांगाइलजवळ याच पलटणीची गाठ हवाई छत्र्यांनी उतरलेल्या दुसऱ्या पॅराशी पडली, जी मुळात तिसरी मराठाच होती. हे वाचताना आजही ऊर भरून येतो. पण ते युद्ध १३ दिवसांचे होते. त्याच माणसांनी पंधरा, वीस, काहींनी त्याहून अधिक वर्षे नोकरी केली. त्या तेरा दिवसांच्या अलीकडे-पलीकडे ती कुठे होती?

सियाचीनचेच घ्या. एप्रिल १९८४ पासून तिथे आपले सैन्य आहे. वर जाण्याआधी शरीर त्या हवेला सरावावे म्हणून टप्प्याटप्प्याने चढवतात: पहिल्या टप्प्यात सहा दिवस, नंतर चार, मग आणखी चार. त्यानंतर दोराने एकमेकांना बांधून चालत पोस्टवर. तिथे साधारण तीन महिने. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवेने आणि हिमाने जास्त माणसे नेली, हे सर्वज्ञात आहे. वडील ग्लेशियरबद्दल फार बोलत नाहीत. पण एकदा त्यांनी सांगितले की पिण्याचे पाणी म्हणजे स्टोव्हवर तासन्‌तास बर्फ वितळवणे, आणि त्या बंद जागेत केरोसीनचा धूर इतका छातीत जायचा की खाली उतरल्यावरही बरेच दिवस थुंकी काळी पडायची. दुसरी गोष्ट पायमोज्यांची. रात्री ते अंगाशी धरून सुकवायचे, कारण ओला मोजा म्हणजे बोट जाणार. बरोबरच्या एकाची दोन बोटे गेली. तो आज आमच्या शेजारच्या गावात शेती करतो. त्याची मुलाखत कुणी घेतलेली नाही.

आणि ऑपरेशन पराक्रम. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर जाऊन बसले ते पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. युद्ध झाले नाही. पण शेतांमध्ये सुरुंग पेरले गेले, नंतर ते एकेक करून काढावे लागले, आणि त्या पेरण्या-काढण्यात आणि इतर अपघातांत कितीतरी जवान गेले. लोकांच्या लेखी ते 'न झालेले युद्ध' आहे. वडिलांच्या पलटणीतल्या माणसांच्या लेखी ते राजस्थानातले दहा महिने आहेत, मे महिन्यातल्या वाळूसकट. त्या दहा महिन्यांची तारीखवार हकिगत कुठल्या तरी कपाटात असेलच, कारण पलटण नोंदी ठेवते. माझे म्हणणे एवढेच की वेळ झाली की ते कपाट उघडावे.

वेळ कधी झाली म्हणायची, याचे उत्तर सरकारनेच दिले आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या आणि मोहिमांच्या इतिहासाचे धोरण मंजूर केले. वॉर डायऱ्यांसह, म्हणजे पलटणींच्या तारीखवार नोंदवह्यांसह, सगळ्या नोंदी सेनादलांनी तुमच्या विभागाकडे सोपवायच्या, संयुक्त सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इतिहास तयार करवून घ्यायचा, आणि १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याला धरून नोंदी सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुल्या करायच्या, असे त्यात म्हटले आहे. कारगिल आढावा समितीने आणि व्होरा समितीने अशा लेखनाची शिफारस केली होती, हेही त्यात आले आहे. मी या धोरणाचे मनापासून स्वागत करते. २५ वर्षांचा हिशेब धरला तर कारगिलच्या उन्हाळ्यापर्यंतचे कागद आता त्या वयाचे झाले आहेत. नागा टेकड्या, मिझोराम, पंजाब, श्रीलंका, नव्वदच्या दशकातले काश्मीर, हे सगळे त्यात येते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये आपले अकराशेहून अधिक जवान गेले. त्यांच्या घरच्यांना आपला माणूस जाफन्यात नेमका कोणत्या कामावर होता हे वाचायचा हक्क आता तरी असावा.

त्या धोरणातला 'युद्ध आणि मोहीम' हा शब्दप्रयोग मला थोडा धास्तावतो. ज्या तैनातीला मोहिमेचे नाव मिळाले नाही तिचे काय? नियंत्रण रेषेवरची दोन शांत वर्षे, अरुणाचलमधली एक लांब गस्त, पुराच्या वेळी बोटी घेऊन उतरलेली कंपनी, पीस स्टेशनवर पुढच्या फील्डची तयारी करणारी पलटण. तुमच्या यादीत याला जागा हवी. पीसची वर्षे मोकळी असतात हा मोठाच गैरसमज आहे. सराव, फायरिंग, कोर्सेस, गार्ड ड्यूटी, मदतीसाठी नागरी प्रशासनाने बोलावणे, हे चालूच असते. आणि त्याच दोन वर्षांत जवान आपल्या बायको-मुलांबरोबर एका छपराखाली राहतो. क्वार्टरसाठी नाव लावायचे, नंबर येईपर्यंत निम्मे टेन्युअर सरलेले. मुले गावच्या मराठी शाळेतून उचलून केंद्रीय विद्यालयात, तिथे हिंदी-इंग्रजीत बसतात न बसतात तोच पलटण निघाली फील्डला, की परत गावी. माझ्या चौथीपर्यंतच्या चार वर्षांत तीन शाळा झाल्या. हे रडगाणे म्हणून सांगत नाही, पण पलटणीचा हा अर्धा इतिहास बायकांनी आणि मुलांनी जगला आहे आणि त्याची नोंद लष्करी म्हणून व्हायला हवी.

लिहून ठेवले नाही तर काय होते, हे आमच्या भागाला शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, म्हणून गावाच्या नावातच मिलिटरी आली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या: १०३, ११० आणि ११७. बसऱ्याच्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांची आठवण आहे. पण त्यातल्या हिंदी शिपायांची नावे भिंतीवर कोरली गेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांची पलटणीमागे फक्त संख्या. दुसरीकडे, त्याच महायुद्धातल्या भारतीय पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आज घरबसल्या वाचता येतात. म्हणजे पणजोबाच्या पलटणीने फ्रान्समध्ये अमुक तारखेला कुठला खंदक घेतला हे पणती वाचू शकते, आणि बापाची पलटण १९९० साली कोणत्या जिल्ह्यात होती हे मुलीला सांगता येत नाही. परक्या राजवटीने ठेवलेले कागद आम्हाला मिळावेत आणि आपल्या सरकारने ठेवलेले मिळू नयेत, हे मनाला लागते.

सुरक्षेची हरकत येईल, आणि ती मी गांभीर्याने घेते. वडील सीमेवर असताना त्यांचा ठावठिकाणा कुणाला कळू नये असे आम्हालाही वाटायचे. आज पलटण कुठे आहे, किती माणसे आहेत, चौकी कुठल्या टेकडीवर आहे, यातले काहीही नको. जुन्या वर्षांसाठीसुद्धा जिल्हा किंवा विभाग एवढेच नाव पुरे. खबऱ्यांची, गावकऱ्यांची ओळख उघड होईल असे काही बाहेर येता कामा नये, कारण ती माणसे अजून तिथेच राहतात.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. तुमचा विभाग लहान आहे आणि कागदांचे डोंगर आहेत. मग एका रेजिमेंटपासून सुरुवात करा. बेळगावचे सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस एकाच गावात आहेत, पलटणींच्या स्थापना दिनाला जुनी माणसे जमतात, आणि बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे, जिथे माजी सैनिक पेन्शनच्या, दाखल्यांच्या कामाला येतातच. तिथेच एखादा प्रशिक्षित माणूस रेकॉर्डर घेऊन बसवता येईल. विद्यापीठांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे काम द्या, ते आनंदाने करतील. फक्त एक अट असावी: मुलाखत मराठीत व्हावी आणि मराठीतच जपली जावी. पलटणींनी काढलेल्या स्मरणिका मी पाहिल्या आहेत. त्या प्रेमाने केलेल्या असतात, पण इंग्रजीत, कमांडिंग ऑफिसरांच्या यादीभोवती गुंफलेल्या. सुभेदार मेजर एखाद्या फोटोत दिसतो. शिपाई ओळीत उभा असतो, नावाशिवाय.

राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे आरआर, या दहशतवादविरोधी दलाचाही वेगळा विचार करा. १९९० पासून पायदळाचे जवान आपली पलटण सोडून काही काळ आरआरमध्ये जातात. वडीलही गेले. त्यामुळे पलटणीचा तक्ता आणि माणसाचा तक्ता जुळत नाही. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले तेव्हा ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या ४१ आरआरचे नेतृत्व करत होते. कुपवाडा हे नाव साताऱ्यातल्या घराघरात त्या दिवशी पोहोचले. पण त्याआधी कित्येक वर्षे आमच्या गावांतली पोरे तिथे जाऊन, राहून, परत आली होती, आणि ती परत आली म्हणूनच कुणी त्यांना काही विचारले नाही.

वडिलांच्या वयाची माणसे आता साठीच्या पुढे आहेत. नागा टेकड्यांत सुरुवातीला गेलेले जवळजवळ कुणी उरले नाहीत, १९७१ चे सत्तरी-ऐंशीत आहेत. दरवर्षी स्थापना दिनाच्या जेवणाच्या पंगतीत जागा रिकाम्या होतात. आम्ही काही जणांच्या मुलामुलींनी मिळून त्यांच्या आठवणी वहीत उतरवायला घेतल्या आहेत. साल, ठिकाण, कंपनी, सोबती, काम, हवामान, आजार, घरून आलेली बातमी, असे जे आठवेल ते. पण अधिकृत तारखांशी ताडून पाहायला आमच्याकडे काही नाही, त्यामुळे दोघांच्या सांगण्यात दोन वर्षांचा फरक पडला की आम्ही अडतो.

म्हणून विनंती अशी. आमच्या वह्यांची प्रत तुम्हाला द्यायला आम्ही तयार आहोत, कसलीही अट न घालता. ती कोणत्या नमुन्यात हवी, मुलाखतीत कोणते प्रश्न असावेत, काय विचारू नये, हे कळवा, त्याप्रमाणे पुढचे काम करू. आणि बदल्यात आमच्या या एका पलटणीचा १९९९ पर्यंतचा पोस्टिंगचा तक्ता, साल आणि जिल्हा एवढाच, आम्हाला पाहू द्या. पलटणीचा क्रमांक स्वतंत्र अर्जात देते.

आपली नम्र,
एका निवृत्त सुभेदाराची मुलगी
जिल्हा सातारा